लुआ मावशीच्या शिव्या

हनोईत दुपारी पोट भरायला पावलापावलावर गाड्या आहेत, पण जेवण आणि शिव्या एकाच ताटात मिळायच्या त्या फक्त लुआ मावशीच्या गाडीवर. कोळशावर भाजलेल्या डुकराच्या मांसाच्या वड्या, त्या बुडवायला माशाच्या सॉसचा आंबटगोड रस्सा, सोबत तांदळाच्या शेवया, हिरव्या पाल्याची टोपली आणि तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार. साडेअकरा वाजले की चांगले शिकलेसवरलेले लोक वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर गुडघे छातीशी घेऊन बसत आणि मुकाट्याने आपल्या पाळीची वाट बघत.

ह्वान तिथे चौदा वर्षं जेवत होता. वॉर्ड ऑफिसात कागदांवर शिक्के मारणारा साधा कारकून. ऑफिसात त्याला नावाने हाक मारायचेही कष्ट कुणी घेत नसे. मावशी मात्र दिसल्याबरोबर सुरू व्हायची. "आला टकला भोपळा. बस तिकडे. आणि पुन्हा शेवया मागितल्यास तर हा चिमटा बघून ठेव, मेल्या." नवख्या गिऱ्हाइकाला ती नुसतं "काय देऊ?" विचारायची. शिवी मिळायला दोन-तीन वर्षं निष्ठेने खावं लागे. जेवण झाल्यावर ऑफिसातले लोक टेबलांखाली चटया टाकून आडवे होत, तेव्हा आज कुणाला काय मिळालं याचा हिशेब चाले आणि त्यात ह्वान बहुधा पहिला यायचा. एवढं कर्तृत्व त्याने आयुष्यात दुसरीकडे कुठेच दाखवलं नव्हतं.

मग देवाला काय अवदसा आठवली कोण जाणे, ह्वानला बढती मिळाली. फुटपाथ मोकळे ठेवणाऱ्या पथकाचा उपप्रमुख. निळा सदरा, दंडाला लाल पट्टी. बायकोने सदऱ्याला दोनदा इस्त्री केली. आता मावशी काहीतरी नवीन, खास ठेवणीतलं काढेल, अशा आनंदात तो दुपारी गाडीवर पोचला.

मावशीने खांद्यावरच्या फडक्याने स्टूल पुसलं.

"बसावं साहेब. ऊन फार आहे ना आज?"

सगळ्यांचे घास हातातच राहिले. मावशीने जावयासाठीसुद्धा कधी स्टूल पुसलं नव्हतं. ह्वान हसला, कारण त्याला वाटलं ही थट्टा आहे. थट्टा नव्हती. त्याच्या वाटीत दोन वड्या जास्त होत्या आणि शेजारच्याने आपलं स्टूल हातभर लांब सरकवलं होतं. त्या दिवशी ऑफिसात चटईवर पडल्यावर त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढचा महिनाभर ह्वानने शिवी खाण्यासाठी जेवढे प्रयत्न केले, तेवढे बढतीसाठीही केले नव्हते. ऐन गर्दीत तीनदा लसूण मागितला. भाजून कुरकुरीत झालेल्या वड्या "करपल्यात" म्हणून परत केल्या. याच गुन्ह्यासाठी मावशीने पूर्वी एका म्हाताऱ्या प्राध्यापकाला शिव्या घालत गल्लीच्या टोकापर्यंत पोचवलं होतं.

"चुकलंच माझं साहेब," मावशी म्हणाली. "बदलून देते."

सुट्टीच्या दिवशी तो जुना बनियन आणि चपला घालून गेला. "आज साहेबांना सुट्टी वाटतं," म्हणत तिने पुन्हा स्टूल पुसलं. ह्वानला रडू आलं. मिरची लागली असं सांगून त्याने वेळ निभावली.

अशात वरून हुकूम आला: मावशीची गाडी लागते त्या गल्लीचं तोंड मोकळं करायचं, परवा दुपारी बाराच्या आत. पथक नेणार कोण? ह्वान. तो आदल्या दिवशी सगळी गिऱ्हाइकं गेल्यावर गाडीपाशी गेला. मावशी वाट्या विसळत होती.

"मावशी, उद्या गाडी लावू नका," तो हळूच म्हणाला. "ट्रक येणार आहे. कुणाला बोलू नका."

यात त्याची नोकरी जाऊ शकली असती, पण त्याला दुसरंच हवं होतं. ती म्हणेल, 'टकल्या, हे आता सांगतोस होय?' आणि सगळं पूर्वीसारखं होईल. मावशीने हात पुसले. पाल्याच्या पिशवीत एक पाकीट सारलं आणि पिशवी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली.

निळ्या सदऱ्यावाल्यांनी आगाऊ सूचना देणं म्हणजे काय, हे त्या रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सूचना आजवर कुणी फुकट दिली नव्हती. ह्वानने पिशवी परत ढकलली.

"कमी वाटतंय का साहेब?" मावशीने नम्रपणे विचारलं.

तो पाठ फिरवून निघून गेला. मावशीने त्याचा अर्थ लावला तो असा की घासाघीस सुरू झाली आहे. आणि घासाघीस काही एका दिवसात मिटत नसते. म्हणून दुसऱ्या दिवशी तिने नेहमीप्रमाणे कोळसे पेटवले.

ट्रक आला. बाकीच्या गाड्या क्षणात गल्लीत पसार झाल्या, पण पेटलेली शेगडी घेऊन मावशी कुठे पळणार? ह्वानला बघून ती गोंधळली नाही. बारा स्टुलं एकात एक घालून तिने त्याच्यापुढे आणून ठेवली.

"घ्या साहेब. मोडकं एकही नाही."

ह्वानला जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं. पथकातला साधा हमाल लाम, चाळिशीचा, दोन पोरांचा बाप, ट्रकमध्ये सामान चढवत होता. त्याचा धक्का लागला आणि वाट्यांची चळत खाली येऊन फुटली.

"आंधळ्या टोणग्या," मावशी उसळली. "डोळे काय म्हशीकडे गहाण टाकलेत? आईने तुला हात दिले ते काय कान खाजवायला? मुडद्या, तुझ्यासारख्याला जन्म देण्यापेक्षा एखादं बदक पाळलं असतं तर त्या माउलीला अंडी तरी मिळाली असती."

लाम खाली मान घालून ऐकत होता. ह्वान त्याच्याकडे बघत राहिला. बदकाचं नवीन होतं. चौदा वर्षांत त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. बायकोला परक्या माणसाशी हसताना बघावं, तसं त्याचं काळीज जळलं.

दम लागल्यावर मावशीने शेगडीकडे पाहिलं. वड्या झाल्या होत्या. उरलेल्या एका वाटीत तिने त्या वाढल्या, वर शेवया टाकल्या आणि वाटी लामच्या हातात कोंबली.

"गीळ आधी, उपाशी भुता. मग ने काय न्यायचं ते."

लाम तिथेच, ट्रकच्या फळीवर टेकून खाऊ लागला. ह्वान शेगडीजवळ आला. बाराला दहा कमी होते आणि त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"मावशी, मलाही द्या ना थोडं."

मावशीने दोन्ही हात जोडले.

"नको साहेब. असलं रस्त्यावरचं आपल्यासारख्यांना बाधतं."