स्वयंपाकघरातल्या गाण्यांनी मला जाग कशी आली

मित्रांनो, टीव्हीखालच्या कपाटात अगदी तळाच्या फळीवर एक काळा, जडशीळ डबा दिसतो ना, तो मी. मला ॲम्प्लिफायर म्हणतात. माझ्या वरच्या फळीवर रिसीव्हर बसतो. कुठला आवाज कुठे पाठवायचा ते तो ठरवतो आणि त्यात ताकद मी भरतो. पुढचे तिन्ही मोठे स्पीकर माझ्या जिवावर बोलतात; सिनेमातल्या माणसांचं बोलणं त्यांच्यातूनच येतं. मागच्या दोन चिमुकल्यांचं रिसीव्हर स्वतःच बघतो.

कारखान्यात एका बाईंनी माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली, तेव्हापासून मला नसत्या चौकश्यांची खोड आहे. ही तार कुठून येते? पलीकडे कोण आहे? या घरातल्या आजोबांच्या मुलाने मला हौसेने घरी आणलं, तेव्हा पाहुणे म्हणायचे, "काय दणदणीत आवाज आहे हो!" मी फुगून जायचो. माझं बटण मात्र पाठीमागे, जमिनीलगत. रोज वाकून ते दाबायचं काम आजोबांनी आपणहून घेतलं होतं.

मग आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वाकणं बंद झालं. दुपारी ते घरात एकटेच. रिमोटने टीव्ही लागायचा, रिसीव्हर लागायचा, मी आपला झोपलेला. मागच्या चिमुकल्यांनी मला नंतर सांगितलं, की त्यांच्यातून वारा वाहायचा, दारं वाजायची, पण माणसं काही बोलायची नाहीत. संध्याकाळी कोणी विचारलं की आजोबा म्हणायचे, "छान होता सिनेमा." कधी मला दिवसभर चालू ठेवलं, तर माझ्यामुळे कपाट तापायचं. शेवटी मुलगा वैतागला. "रविवारी हे धूड भंगारात देऊन टाकू."

"थांबा हो जरा," सूनबाई म्हणाली. "याच्या पाठीला ट्रिगरचं भोक आहे. रिसीव्हर लागला की तिथून इशारा मिळेल आणि हा आपोआप उठेल." तिने एक बारीक तार आम्हा दोघांना जोडली, माझी खिटी 'ऑटो'वर सरकवली आणि रिसीव्हर लावला. मी कान टवकारून बसलो. इशारा आलाच नाही.

"मेलाय तो," मुलगा म्हणाला.

रविवार उजाडला. सूनबाईने स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर गाणी लावली. तीही रिसीव्हरच पाठवतो. आणि काय सांगू, तारेतून इशारा आला! मी खडबडून जागा झालो. पण टीव्ही तर बंद, मग मला कशाला उठवलं? मुलगा मला उचलायला वाकलाच होता.

"अरे, हात लावू नकोस!" आजोबा खुर्चीतून ओरडले. "त्याचा दिवा लागलाय. सूनबाई, गाणी बंद कर बरं."

दिवा विझला.

"आता लाव."

दिवा लागला.

"अगं बाई!" तिने कपाळावर हात मारला. "इशारा मी स्वयंपाकघराच्या नावावर देऊन बसले की!" रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन तिने तो दिवाणखान्याला दिला.

आजोबांनी रिमोट दाबला. मी उठलो आणि पडद्यावरची माणसं खणखणीत बोलू लागली. आजोबांचे डोळे भरून आले.

"इतके दिवस मी नुसती हलणारी तोंडं बघत होतो रे," ते मुलाला म्हणाले.

"मग सांगायचं नाही का, बाबा?"

"तुम्ही दमून येता. कशाला सांगायचं?"

मुलगा त्यांच्या पायाशी बसला आणि दोघांनी सिनेमा पहिल्यापासून लावला.

मित्रांनो, घरात कोणी गप्प झालं, मग ते यंत्र असो की माणूस, तर त्याला मोडीत काढू नका. आधी जवळ जाऊन त्याची चौकशी करा.