कुंड्यांसाठी दिलेली किल्ली

सोमवारी पहाटे वीब्के हार्म्सला कुंपणाच्या पायथ्याशी साळिंदरासारख्या काट्यांचा, मुठीएवढा जो हेजहॉग सापडला, त्याला तोंडच उरलं नव्हतं. नाकाच्या जागी एक ओली लाल खाच होती आणि त्या खाचेतून तो अजून श्वास घेत होता. श्वास सोडला की रक्ताचा बुडबुडा यायचा. जखमेच्या कडेला हिरव्या माश्यांनी अंडी घालूनही ठेवली होती. माश्यांना कुणाच्या मरणाची वाट बघत बसायला वेळ नसतो.

वीब्केने त्याला तळघरातल्या धुण्याच्या खोलीत नेलं आणि एका झटक्यात संपवलं. कोंबड्यांच्या कत्तलखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेली बाई ती. बोटं कुठे ठेवायची आणि जोर किती लावायचा, हे तिला कुणी सांगायला नको होतं. जीव घ्यायची नोकरी संपल्यावर तिने जीव लावायचा उद्योग काढला होता. वर स्वयंपाकघराच्या खिडकीत आफ्रिकन व्हायोलेटच्या अकरा कुंड्या, एक जास्वंद, एक मेणफुलाचा वेल. खाली खोक्यांतून शेजारपाजारच्यांनी आणून टाकलेले जखमी, उपाशी, पोरके हेजहॉग. जर्मनीतल्या ओल्डनबुर्गच्या बाहेरच्या त्या वस्तीत तिला काही लोक मागून ‘काट्यांची आई’ म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नसत.

मे संपल्यापासून हा तिसरा. तिन्ही एकाच धारेने कापलेले.

ती धार शेजारच्या एनो टामेनची होती. म्हणजे त्याच्या नव्या यंत्राची. गवत कापणारं ते चपटं यंत्र रात्री दहाला आपणहून निघायचं आणि पहाटे पाचला आपणहून जागेवर जाऊन बसायचं. आवाज म्हणाल तर मांजराच्या घुरघुरीएवढा. हेजहॉग रात्रीच हिंडतो आणि संकट आलं की पळत नाही, जागच्या जागी गोळा होतो. कोल्ह्यापुढे तेवढ्याने निभावतं. पात्यापुढे कसं निभावणार?

जूनमध्ये एकदा वीब्केने कुंपणावरून त्याला सांगून पाहिलं होतं. टामेन म्हणाला, यंत्राला पुढचं सगळं कळतं, तसं पुस्तिकेत लिहिलंय. त्यावर वीब्के म्हणाली, “मग ती पुस्तिका एकदा हेजहॉगना वाचून दाखवा, टामेन.” त्याने ओठ आवळले आणि तो आत गेला. विषय तिथेच संपला. एकोणीस वर्षांचा शेजार, पण दोघांत अहो-जाहोपलीकडे काही सरकलं नव्हतं.

तरी एकमेकांच्या घरांच्या किल्ल्या मात्र एकमेकांकडे होत्या. जुलैत तो आठवडाभर समुद्रावर गेला की ती त्याच्या कुंड्यांना पाणी घालायची, सप्टेंबरात ती बहिणीकडे गेली की तो तिच्या. जाताना दोघंही जेवणाच्या टेबलावर चिठ्ठी ठेवत: कुठल्या कुंडीला किती पाणी, कुठली उन्हातून हलवायची. वीब्केला त्याच्या कुंड्या तोंडपाठ होत्या. त्यातल्या निम्म्या त्याच्या बायकोने, इमकेने, लावलेल्या. इमके जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या मेणफुलाच्या वेलाने अख्खी खिडकी भरली होती आणि त्या वेलाला हात लावताना टामेनचा चेहरा कसा मऊ होतो, हे वीब्केने कुंपणाआडून पाहिलं होतं. चिठ्ठी वाचायची गरज तिला कित्येक वर्षांत पडली नव्हती.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती वीब्के स्वतःशीसुद्धा बोलत नसे. वसंतात टामेन आपलं जुनं पेट्रोलचं यंत्र दुपारी दीडला बाहेर काढायचा. दुपारी एक ते तीन म्हणजे वस्तीच्या विश्रांतीची वेळ. त्या वेळात इथे कुणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. रात्ररात्र पिलांना दूध पाजून वीब्के तेवढीच दोन तास पडायची. कुंपणावरून एक हाक मारली असती तर काम झालं असतं. तिने नगरपालिकेला निनावी पत्र लिहिलं. टामेनला तंबी मिळाली, पेट्रोलचं यंत्र गोदामात गेलं, आणि पंधरा दिवसांत हे मुकं यंत्र आलं. या दोन टोकांची गाठ तिने कधी घातली नाही. घालायला धैर्य लागतं.

टामेन रविवारीच समुद्रावर गेला होता. म्हणून सोमवारी सकाळी हात धुऊन ती पाणी घालायला त्याच्या घरी गेली. परसात यंत्र आपल्या खोपटात हिरवा दिवा लावून झोपलं होतं. त्याच्या पाठीवर आलुबुखाराएवढं लाल बटण होतं. ती त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तिचे हात शिवशिवत होते. पण किल्ली कुंड्यांसाठी दिली होती, यंत्रासाठी नव्हे. दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावायचा नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. ती घरी आली, खडीसाखर घालून चहा घेतला आणि नगरपालिकेला दुसरं पत्र लिहायला बसली. या वेळी नावानिशी. तेवढ्यावर ती स्वतःवर खूशही झाली, बघा.

तिचा जीव टांगणीला लागला होता तो आल्मापायी. एक कान फाटलेली ही हेजहॉग मादी नोव्हेंबरात आली तेव्हा लिंबाएवढी होती. हिवाळाभर धुण्याच्या खोलीत राहिली, वीब्केच्या अंगठ्याला चार वेळा कडकडून चावली, आणि एप्रिलमध्ये मागे वळूनही न बघता निघून गेली. अशा गर्विष्ठ बाईवर वीब्केचा जीव न जडता तरच नवल. जूनच्या अखेरीस ती परत आली आणि कुंपणालगतच्या लाकडांच्या ढिगाखाली तिने चार पिलं घातली. घर वीब्केच्या बाजूला, पण किडे खायला जायची टामेनच्या गवतात.

गुरुवारी पहाटे साडेचारच्या सुमारास वीब्केला किंकाळी ऐकू आली. हेजहॉग किंचाळतो तेव्हा तान्ह्या मुलासारखा किंचाळतो. ती तशीच अनवाणी, झोपण्याच्या सदऱ्यात, फाटकातून धावत टामेनच्या परसात शिरली.

यंत्राने आल्माला एकदा कापलं होतं आणि ते वळून पुन्हा येत होतं. वीब्केने पाय आडवा घातला. यंत्र घोट्याला आपटलं, थबकलं आणि शहाण्यासारखं दुसऱ्या दिशेला गेलं. माणसाचा पाय त्याला कळत होता. आल्मा मात्र पाठीपासून पोटापर्यंत उघडी पडली होती. काटे असलेली कातडी एका बाजूला सोललेल्या सालीसारखी लोंबत होती, आतडी गवताच्या कुटीत माखलेली, आणि तरी ती गोळा व्हायचा प्रयत्न करत होती. तिने वीब्केच्या अंगठ्याला तोंड लावलं. चावायची ताकद उरली नव्हती.

वीब्केने तिथेच गुडघे टेकले आणि बोटं योग्य जागी ठेवली. अठ्ठावीस वर्षांत तिचे हात कधी थरथरले नव्हते, त्या दिवशी थरथरले, आणि म्हणून एका झटक्यात व्हायचं काम दोन झटक्यांत झालं. तो दुसरा झटका तिला जन्मभर पुरणार आहे.

मग तिने भिंतीला टेकवलेलं टामेनचं फावडं उचललं.

पहिल्या घावाला यंत्राचं कवच फुटलं आणि ते चोर आल्यासारखं कर्कश कोकलायला लागलं. दुसऱ्या घावाला ते उलटलं. पोटाखालची पाती आल्माच्या रक्ताने आणि काट्यांनी भरलेली, अजून फिरत होती. एक पातं सुटून तिच्या पोटरीत घुसलं. तिने ते उपटून फेकलं आणि मारत राहिली. कोकलणं थांबलं तरी मारत राहिली. चाकं निखळली, तारा बाहेर आल्या, फावड्याचा दांडा चिरला, खालची माती उकरली गेली. तरी तिचं पोट भरेना. लोखंडाला दुखत नाही. तिला असं काहीतरी हवं होतं, ज्याने टामेनला दुखेल.

त्याच्या घराची किल्ली ती आठवडाभर झोपतानाही सदऱ्याच्या खिशात बाळगत होती.

इमकेचा वेल तिने मुठीत धरून ओढला तसा तो खिडकीच्या चौकटीवरच्या खिळ्यांसकट चरचरत खाली आला. खोडातून पांढरा चीक उडाला. तिने बुंधा टाचेखाली ठेचला, मुळं फाडली, कुंडी भिंतीवर फोडली. मग नेचा, मग कोरफड, मग इमकेचा ख्रिसमस-निवडुंग. पोटरीतलं रक्त फरशीवर मातीत कालवलं जात होतं. शेवटची कुंडी टेबलावर आदळली तेव्हा माती उडून एका चिठ्ठीवर पडली. झाडांची चिठ्ठी. रविवारपासून ती तिथेच, मिठाच्या बरणीखाली होती.

तिने माती झटकली ती फाडण्यासाठीच. पण अक्षर समोर आलं आणि ती वाचत गेली. वेलाला आठवड्यातून एकदा, थोडंच. कोरफडीला नको. आणि खाली, नेहमीच्या ओळींनंतर:

“मे महिन्यातलं पत्र तुमचंच होतं. नगरपालिकेने ते मला दाखवलं, आणि कुंड्यांच्या चिठ्ठ्यांमुळे तुमचं अक्षर ओळखतो. तुम्ही दुपारी झोपता हे मला ठाऊक नव्हतं. नवीन यंत्र आवाज करत नाही, आता झोप लागत असावी. हेजहॉगबद्दल तुम्ही बोललात त्यावर विचार केला. मी नसताना पुन्हा काही दिसलं, तर वरचं लाल बटण दाबून यंत्र सरळ बंद करा. मला विचारायला नको. ए. टामेन.”

वीब्के खाली मातीत बसली. तिला रडू आलं नाही. तिने स्वतःच्या थोबाडीत मारली, एकदा, मग पुन्हा, कानात शीळ वाजेपर्यंत. मग लाकडांखालची पिलं आठवली आणि ती उठली.

चौघांतलं एक पिलू शुक्रवारी गेलं. उरलेल्या तिघांना दर अडीच तासांनी बडीशेपेच्या काढ्यातलं दूध पिचकारीने थेंबथेंब पाजावं लागत होतं, मग तेलाच्या बोळ्याने पोट चोळायचं. टामेनच्या घरातली माती तिने झाडली नाही. केलेलं झाकलं असं त्याला वाटायला नको होतं. फक्त चिठ्ठी परत मिठाच्या बरणीखाली ठेवली.

शनिवारी दुपारी त्याची गाडी आली. त्याचं दार उघडल्याचं तिने ऐकलं. नंतर तिच्याच दारात किल्ली फिरली. एकोणीस वर्षांत ती घरी असताना त्याने कधी किल्ली वापरली नव्हती.

ती स्वयंपाकघरात बसली होती, एका तळव्यावर पिलू, दुसऱ्या हातात पिचकारी. टामेनने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो खिडकीशी गेला आणि पहिलं व्हायोलेट उचलून फरशीवर फोडलं. मग दुसरं. घाई नव्हती. प्रत्येक कुंडी डोक्यावर उचलायची, आपटायची, फुलांवर बूट फिरवायचा. अकराच्या अकरा. खापराचा एक तुकडा उडून तिच्या भुवईवर लागला आणि रक्त डोळ्यात उतरलं. हात हलला तर दूध पिलाच्या फुप्फुसात जाईल, म्हणून तिने ते पुसलं नाही. आपल्याला हे मिळायलाच हवं, असं तिला वाटत होतं. जास्वंद त्याने मधोमध मोडली.

मग त्याने शेवटची कुंडी उचलली.

“एनो, थांब,” ती म्हणाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून त्याचं नाव निघालं, आणि तेही अरे-तुरेत. “ती इमकेची आहे. तिने मला फांदी दिली होती.”

कुंडी सुटून गेली होती. ती फुटली.

टामेन खाली बघत उभा राहिला. मग हा पंचाहत्तरीचा उंच माणूस गुडघ्यांवर आला आणि खापरांतून मेणफुलाचा वेल सोडवू लागला. बोटं कापली तरी सोडवत राहिला. मुळं शाबूत होती. त्याने वेल मातीसकट सदऱ्यात गुंडाळून घेतला.

“का नाही बोललात?” तो म्हणाला. “मे महिन्यात. कुंपणावरून. एक शब्द.”

“चिठ्ठीसुद्धा मी वाचली नव्हती,” ती म्हणाली. “गुरुवारपर्यंत. बटणाचं वाचलं असतं तर ह्यांची आई असती.”

त्याने पहिल्यांदाच तिच्या तळव्याकडे पाहिलं. पिलाचे डोळे अजून उघडले नव्हते. त्याने खिशातून तिच्या घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि आपल्या किल्लीसाठी हात पुढे केला. तिचे हात अडकले होते, तेव्हा तिने मानेनेच खिसा दाखवला. त्याने किल्ली काढून घेतली आणि तो गेला. दार त्याने आपटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी इथे दिवसभर कुणी आवाज करत नाही, आणि दुपारी तर लोक बशीत चमचाही जपून ठेवतात. दीड वाजता वीब्के पिलांना पाजून नुकती आडवी होत होती, तोच शेजारी काहीतरी खोकलं, पुन्हा खोकलं, आणि मग पेट्रोलचं जुनं यंत्र अख्ख्या वस्तीला हादरवत सुरू झालं. रिकाम्या खिडकीची तावदानं थरथरली. समोरच्या घरात कुणीतरी शटर दाणकन खाली ओढलं.

वीब्के उठली. पडद्याआडून तिने पाहिलं, टामेन बोटांना पट्ट्या बांधून, दात आवळून, भर उन्हात गवत कापत होता. त्या वेळी जगातला प्रत्येक हेजहॉग लाकडांखाली झोपलेला असतो. तो तिच्या खिडकीकडे एकदाही बघत नव्हता, आणि तिच्या कुंपणाशी आल्यावर त्याने यंत्र मुद्दाम जास्तच घुमवलं.

तिने खिडकी सताड उघडली, पिलांचं खोकं मांडीवर घेतलं आणि तो आवाज थांबेपर्यंत तिथेच बसून राहिली.