काचेच्या डोळ्याचा मुकादम

ब्रेनिकच्या शाळेत दर वसंतात तिसरीची मुलं मेणाचे पुतळे होतात. प्रत्येकानं एका माणसाचं चरित्र वाचायचं, त्याच्यासारखा पोशाख करायचा आणि वाचनालयात भिंतीशी गप्प उभं राहायचं. समोर लाल कागदाचं बटण असतं. पाहुण्यानं ते दाबलं की पुतळा आपली हकिकत सांगतो. निवृत्त झाल्यावरही मी त्या मुलांना शिकवायला जात असे. पहिला धडा ठरलेला होता. छापलंय म्हणून खरं मानू नका. लिहिणाऱ्याला हे कोणी सांगितलं, ते शोधा.

१९९४ साली टिल्डा ह्रुस्का उड्या मारतच माझ्याकडे आली. "मिस पेन्रोज, मी सायलस क्वॉर्न होणार! सगळ्यात दुष्ट माणूस. आमच्या वर्गातला पीटर खाणमालक वेल्ड्रेक होतोय, पण तो नुसती चॉकलेटं वाटणार."

मी खुर्चीत बसले. सायलस क्वॉर्न कधी जन्मलाच नव्हता. त्याला मी बनवला होता.

त्याच्या बत्तीस वर्षं आधी मी जिल्ह्याचा चरित्रकोश लिहिला, त्यातले नामांकित आणि बदनाम सगळे मिळून. संपादक टँझी जुन्या वळणाचे होते. म्हणाले, "आल्मा, यात एक खोटा माणूस घाल. आपलं पुस्तक कुणी चोरून उतरवलं, तर तो त्यालाही उचलणार, आणि सापडणार." असे सापळे या धंद्यात सगळेच लावत. मी क्वॉर्नला माझ्या मामाचा काचेचा डोळा दिला, शेजारणीचा बोलका पोपट दिला. त्याला कुठेतरी उभा करायचा म्हणून चार नंबरच्या कोळशाच्या खाणीत मुकादम केला, आणि तिथल्या १९३१ च्या आगीनंतर तो गाव सोडून गेला असं लिहून टाकलं. दोन दिवस मी स्वतःशीच हसत होते.

त्याच पुस्तकात खाणमालक एमॉस वेल्ड्रेकचं चरित्रही माझंच. आग लागली तेव्हा एकोणीस माणसं आत असताना खाणीचं तोंड बंद केलं होतं. हवा तुटली की आग मरते आणि कोळसा वाचतो. तो हुकूम मोठ्या घरातून, टेलिफोनवर, खुद्द मालकानं दिला होता. हे मला टिल्डाच्या आजीनं, लुडमिलानं सांगितलं होतं. तिचा बाप आत होता. ती तेव्हा सात वर्षांची. खाणीवर तो टेलिफोन तिच्या काकानं घेतला होता.

पण पुस्तक वेल्ड्रेक कुटुंबच छापून देत होतं. मी भ्याले. 'खाणीचं तोंड बंद करावं लागलं', एवढंच लिहिलं. कुणी केलं, ते लिहिलं नाही. ती जागा मी रिकामी ठेवली, आणि तिच्या शेजारीच एक खोटा माणूस उभा करून ठेवला.

पहिल्या चोरानं क्वॉर्नला उचललं तेव्हा मला गंमतच वाटली. टँझी वारले होते, मीही शाळेत रमले होते, गप्प बसले. दुसऱ्यानं लिहिलं की क्वॉर्न पळाला. तिसऱ्यानं विचारलं, का पळाला असेल? मग वेल्ड्रेकच्या नातवांनी आजोबांचं जाडजूड चरित्र लिहवून घेतलं. त्यात हुकूम क्वॉर्ननं दिला, आणि मालक खाणीच्या तोंडाशी गुडघे टेकून रडला. आता खाणीपाशी पितळी फलक लागणार होता, त्यावर क्वॉर्नचं नाव.

मी फलक समितीला पत्र लिहिलं. समितीच्या वॉल्टर हॉब्सचा फोन आला.

"मिस पेन्रोज, तुम्ही मला शिकवलंत, मला तुमचा मान आहे. पण क्वॉर्न पाच पुस्तकांत सापडतो हो."

"पाचही माझ्यावरून उतरवलीत, वॉल्टर."

"असतील. पण तुम्ही त्याला बनवलंत, हे कुठं छापलंय?"

"कुठंच नाही. छापलं तर तो सापळा कसला?"

मग आवाज मऊ करून म्हणाला, "बाई, औषधं वेळेवर घेताय ना?"

आता एकच आशा होती. खाणीच्या तोंडाशी उभी राहिलेली लुडमिला अजून जिवंत होती.

पुतळ्यांच्या दिवशी ती आली. टिल्डा एका डोळ्यावर पिंगपाँगचा अर्धा चेंडू आणि खांद्यावर कापडी पोपट लावून उभी होती. लुडमिलानं काठीच्या टोकानं बटण दाबलं.

"मी सायलस क्वॉर्न," टिल्डा जाड आवाजात म्हणाली. "मी म्हणालो, बंद करा. आतून ठोके ऐकू येत होते. मी पोपटाला शीळ शिकवत राहिलो."

लुडमिलानं रुमाल तोंडाशी धरला. मी तिला मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं आणि तिचा हात हातात घेतला.

"लुडमिला, क्वॉर्न नव्हताच गं. मी रचला त्याला. तू मला मालकाचं सांगितलं होतंस. टेलिफोन, तुझा काका. मी भित्री, लिहिलं नाही. आता तू समितीपुढं बोल. तुझं ऐकतील."

"कसला टेलिफोन?"

"तुझ्या काकानं घेतला तो."

"मास्तरीणबाई, शिकवून शिकवून डोकं थकलं तुझं. मी होते ना तिथं! मी पाहिलाय त्याला. माझ्याकडं वळला, तर एक डोळा हललाच नाही. अजून स्वप्नात येतो मेला."

"तो माझ्या मामाचा डोळा आहे."

तिनं हात काढून घेतला. "माझ्या बापाला मारणारा एवढा एक माणूस मला ठाऊक आहे. तोही काढून घेतेस?"

तेवढ्यात टिल्डा, कोणी कुणावरून लिहिलं त्याचा आपला तक्ता घेऊन धावत आली. "मिस पेन्रोज, लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं, ते शोधत गेले ना, तर सगळ्यात जुन्या पुस्तकावर तुमचंच नाव! तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुणीच नाही, टिल्डा. मी बनवला त्याला. तो खरा नव्हता."

टिल्डानं आजीकडे पाहिलं. लुडमिलानं हळूच नकारार्थी मान हलवली. "मी सांगितलं असेल, बाळा. मीच होते तिथं."

टिल्डानं माझ्या हातावर थोपटलं. "चालतं, मिस पेन्रोज. मीपण विसरते कधीकधी." आणि तक्ता माझ्याच मांडीवर ठेवून, जपून, एकेक अक्षर लावत तिनं 'कोणी सांगितलं' याच्यापुढे आजीचं नाव लिहिलं.