ग्रिन्डल मंडळींचा बाक

आमचं सेंट बार्थलम्यू चर्च कॅप्टन ग्रिन्डलने जहाजं बांधणाऱ्या सुतारांकडून बांधून घेतलं. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, म्हणून छत उलट्या जहाजासारखं झालं. उलटलेल्या जहाजाचं पुढे काय होतं, हे अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही; पण चर्चच्या बाबतीत ते आमच्या लक्षात यायला दीडशे वर्षं लागली.

बिशपनी निक्षून सांगितलं होतं, ईस्टरपर्यंत एक तरी नवं कुटुंब आणा, नाहीतर कुलूप. वॉर्डन लव्हिनिया ट्रास्क हादरली. चर्चचा सगळा कारभार तिच्याकडे. नवरा एमसची अंत्ययात्राही इथूनच निघाली होती.

"मलाही इथूनच न्यायचं, बरं का," ती आम्हाला सारखी बजावायची. "त्या बॅप्टिस्टांच्या हॉलमधून नाही. तिथे गिटार वाजवतात."

आणि चक्क कुटुंब आलं! नवरा, बायको, दोन मुलं. लव्हिनियाने त्यांच्यासाठी लिंबाचा केक करून ठेवला होता. ते पुढच्या बाकावर बसले. लव्हिनिया हसतमुखाने जवळ गेली.

"या, या, फार बरं वाटलं. फक्त हा बाक ग्रिन्डल मंडळींचा आहे हो."

"अरे, सॉरी. ते यायचेत का?"

"नाही, ते मागे असतात."

"मागे कुठे?"

"दफनभूमीत."

मंडळी उठून शेजारी बसली. तो बाक एल्वेलांचा. तेही मागेच असतात. असं करत बिचारे खांबाआडच्या शेवटच्या बाकावर पोचले. तिथून वेदी दिसत नाही. तो बाक पाहुण्यांसाठी आहे. पहिलं स्तोत्र संपेपर्यंत तो रिकामा झाला होता.

"घाईत दिसले," लव्हिनिया म्हणाली. "केकसुद्धा नाही खाल्ला."

ईस्टरनंतर बिशप आले. आम्ही आपापल्या बाकांवर, एकमेकांपासून लांब लांब बसलो होतो.

"जरा पुढे, जवळ जवळ बसता का?" त्यांनी विचारलं. कुणी हललं नाही.

त्यांनी वास्तू लौकिक वापरासाठी मोकळी झाल्याचं वाचून दाखवलं, वेदीवरचा क्रूस उतरवला आणि थकून पुढच्या बाकावर टेकले. लव्हिनिया डोळे पुसत त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"बिशपसाहेब, हा ग्रिन्डल मंडळींचा…"

"अहो बाई, आता हे चर्चसुद्धा राहिलं नाही."

"ते खरंच," ती म्हणाली, आणि ते उठेपर्यंत तिथेच उभी राहिली.