कामाचं तेवढंच लिहा

मी पाटी बोलतेय. दगडी, लाकडी चौकटीची, एका कोपऱ्याला टवका उडालेली. माझ्यावर कुणी चिमुरड्याने अक्षरं गिरवली असतील असं तुम्हाला वाटेल. पण माझ्यावर लिहिणारा एकच माणूस होता, आणि तो एकसष्ट वर्षांचा होता.

बस स्थानकावर कोणती गाडी कुठे लागली ते भोंग्यातून सांगायचं, हे त्यांचं काम. म्हणून सगळे त्यांना भोंगेकाका म्हणत. घरीही तोंडाला विश्रांती नाही. मनात आलं की ते बाहेर पडलंच. काकू वैतागायच्या, "अहो, मधे श्वास तरी घ्या!"

मग घशाचा आजार निघाला. शस्त्रक्रियेत जीव वाचला, पण आवाज गेला. काकू मला घ्यायला आल्या तेव्हा दुकानदाराने विचारलं, "नातवाला का?"

"नाही हो, आमच्या यांना," म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं.

दवाखान्यातल्या खाटेवर काकांनी माझ्यावर पहिला शब्द लिहिला, 'पाणी'. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'डॉक्टरांच्या डाव्या बुटाची नाडी रोज सुटलेली असते. घरी कुणाचं लक्ष नाही वाटतं.' काकू खुदकन हसल्या. कितीतरी दिवसांनी.

घरी आल्यावर काकांची खुर्ची खिडकीशी लागली. काही सुचलं की लिहायचं आणि माझ्या चौकटीवर टकटक करायची. काकू हात पुसत यायच्या, वाचायच्या, हसायच्या नाहीतर कपाळाला हात लावायच्या, आणि ओलं फडकं फिरवून जायच्या. 'समोरचा माणूस झाडांशी तासभर बोलतो, बायकोशी मात्र खुणेने.' 'तू झोपेत पुटपुटतेस. चालू दे, घरात आता तूच बोलणारी.'

"अहो, मनात येईल ते सगळं काय लिहायचं?" काकू एकदा म्हणाल्या. "विचार काय, येतात आणि जातात."

काकांनी लिहिलं, 'जातात म्हणूनच.'

"घ्या! वाद घालायलाही पाटी!"

एका सकाळी टकटक जरा जोरात झाली. काकू दूध तसंच गॅसवर सोडून धावल्या. वाटेत टेबलाचा कोपरा गुडघ्याला लागला. माझ्यावर लिहिलं होतं, 'कबुतराने काडी आणली आहे. स्वतःपेक्षा लांब. आत कशी न्यावी याचा विचार करतंय.' तिकडे दूध उतू गेल्याचा वास आला.

"माझ्या काळजाचं पाणी झालं आणि तुम्हाला कबुतरं सुचतायत! यापुढे कामाचं असेल तेवढंच लिहा!" त्यांनी मला खसाखसा पुसलं.

 काकांनी लिहिलं, 'बरं.'

त्यानंतर 'पाणी'. 'औषध'. 'उशी'. खरं सांगते, मला बरंच वाटलं. अंगावरची खरखर कमी झाली होती. आज त्याचीच लाज वाटते. काकूंनाही चुकल्यासारखं होत असावं. एकदा जवळ बसून त्यांनी हळूच विचारलं, "आज काही सुचलं नाही का?"

काकांनी लिहिलं, 'औषध घेतलं.' काकू तरी बसून राहिल्या, पण पुढे काही आलं नाही.

सात महिन्यांनी, एका दुपारी, काका झोपेतच गेले.

परगावी असलेली लेक आली. रडून झाल्यावर तिने विचारलं, "आई, बाबांनी शेवटी काय लिहिलं गं?"

"पंखा कमी," काकू म्हणाल्या. "मी केला."

मग आठवेल ते त्या सांगू लागल्या. नाडी, झाडं, कबूतर. लेक ते फोनमध्ये टिपून घेत होती. "आणखी एक होतं बघ. पोट धरून हसले होते मी. काय बरं होतं ते?"

लेकीने मला खाटेखालून काढलं, उजेडात तिरकं धरून पाहिलं. काही नव्हतं. मलाही सांगता येत नाही. ओलं फडकं फिरलं की माझ्याकडे काही उरत नाही; वर सांगितलं तेही काकूंच्या तोंडून ऐकलेलं. ते पुसताना काकूंचा हात हसण्याने हलत होता, एवढंच ठाऊक आहे.

आता मी स्वयंपाकघरातल्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे असते. तुमच्या घरी कुणी असं काहीबाही लिहून दाखवत असेल, तर पुसण्याआधी कुठेतरी उतरवून ठेवा. फार मोठं काही नसतं त्यात, मी वाचलंय सगळं. तरी ठेवा.

काकू अजून आठवून बघतात. भांडी घासता घासता नळ बंद करतात, ओठ हलतात, आणि मग नळ पुन्हा सुरू होतो.