माझ्या तळाशी राहिलेलं मीठ

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना काचेचा पेला आहे. वहीत मला चंचुपात्र म्हणतात, कारण काठाला ओतायला चोच आहे. चोच मिळाली, वाचा नाही. त्याचीच मला लाज वाटते.

तरुणपणी मी लखलखीत होतो. विज्ञानाच्या बाई म्हणायच्या, "हा माझा हुकमी पेला." मग काच धुरकटली आणि मी फळीवर मागे सरकलो. गेल्या वर्षी शेवटच्या तासाला बाईंनी माझ्यात दाट मिठाचं पाणी केलं. घंटा झाली, मला धुवायचं राहून गेलं. सुट्टीत पाणी उडालं. मीठ तळ धरून बसलं.

यंदा मी चिमणीच्या वाट्याला आलो. आवाज बारीक, म्हणून वर्ग तिला चिमणी म्हणतो. तिनं माझ्यात साधं पाणी ओतलं, दुसऱ्या पेल्यात मिठाचं, आणि दोन्हींत बटाट्याची एकेक पट्टी सोडली.

बटाट्यातल्या पेशींना पातळ पडदा असतो. त्यातून पाणी ये-जा करतं, मिठाला सहजी वाट मिळत नाही. ज्या बाजूला मीठ जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. साध्या पाण्यात पेशी पाणी पिऊन टणक होतात. माझ्यात मात्र उलटं झालं. तळाचं बरंचसं मीठ विरघळलं आणि पेशींतलं पाणी मी बाहेर ओढून घेतलं.

मधल्या सुट्टीनंतर चिमणीनं पट्टी बोटावर वाकवून पाहिली आणि लिहिलं, 'साध्या पाण्यातलीही लुळी पडली.'

"दोन्ही पट्ट्या मिठाच्याच पाण्यात टाकल्यास ना?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई."

"मग पाणी काय तुझ्याशीच वाकड्यात शिरलं? खोटं लिहू नये. खोड ते."

वर्ग हसला. चिमणीनं खोडलं आणि लिहिलं, 'ताठ राहिली.' मित्रांनो, पेशीच्या पडद्यातून निदान पाणी तरी जातं. माझ्या काचेतून एक शब्द बाहेर पडला नाही.

पेले धुणाऱ्या मावशी मला उपडं करता करता थांबल्या. "अहो बाई, हिच्या साध्या पाण्यात मिठाचे खडे कुठले?"

बाईंनी मला उजेडात धरलं. तळाचा जुना पांढरा थर नखानं खरवडून पाहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टेबलावर ठेवलं. "हा मी न धुता ठेवला होता. चिमणीनं पाहिलं ते खरं होतं. चूक माझी."

"पण बाई, मी तर खोडलं," चिमणी म्हणाली.

"मग परत लिही बाळा."

तिनं लिहिलं. बाई आता मला स्वतः तीनदा विसळतात, मी पुन्हा चकाकतो.

मित्रांनो, काम झालं की आम्हाला लगेच धुऊन ठेवा. आणि कुणाला खोटं ठरवण्याआधी एकदा आमचा तळ बघा. कारण चिमणी अजूनही पट्टी वाकवते, आणि लिहिण्याआधी हळूच बाईंच्या चेहऱ्याकडे बघते. तिच्यात उरलेलं ते मीठ काही माझ्या तळावरचं नाही. ते विसळून जात नाही.