बाजेवरची कोळीण

जमिलानं नवऱ्याचा जेवणाचा डबा उघडला आणि अशी काही किंचाळली, की शेजारची भागीरथाबाई पिठाचे हात घेऊनच धावत आली.

डब्यात पिवळ्या पट्ट्यांची टपोरी कोळीण बसली होती. आठ पाय, पण दोन-दोन जोडून असे पसरलेले, की चारच वाटावेत.

"तुह्यासाठीच आणली," नजीर शांतपणे म्हणाला.

"अवो भाऊ, लोकं बायकोले बांगड्या आणते!" भागीरथाबाईनं कपाळाला हात लावला. कपाळ पांढरं झालं.

नजीर पांढरकवड्याला हमरस्त्यावर ट्रक दुरुस्त करायचा. माणूस मोठा गुणी, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. जमिला एकसष्ट साली लग्न होऊन या घरात आली आणि पावसाळा सरता सरता विहिरीच्या शेवाळल्या पायरीवरून घसरली. यवतमाळच्या दवाखान्यातून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून आणली होती. सासू जैनबबी महागावला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. भाकऱ्या भागीरथाबाई थापून द्यायची. दिवसभर खिडकीशी बसून जमिलाचा जीव आंबून जाई. संध्याकाळी नजीर आला की ती विचारायची, "आज काय पाह्यलं?" आणि तो सांगायचा, "ट्रक."

आज मात्र तो चक्क बोलला. "जंगलात ट्रक बंद पडला होता. त्याच्या आरशापासून बांबूपर्यंत हिचं जाळं होतं. ट्रक हलवला का जाळं जानारच. म्हटलं, घरी नेऊन दाखवावं."

"चावते का?"

"मले नाई चावली."

कोळणीला काचेच्या बरणीत ठेवून वर मलमल बांधली. ती बुडाशी पाय आखडून बसली, ती बसलीच. जमिलानं माशी पकडून आत सोडली, तर ढुंकूनही पाहिलं नाही. पाणी शिंपडलं, तेवढं मात्र प्यायली. जमिला तिच्याकडे बघत राहिली आणि एका सकाळी नजीरला म्हणाली, "बरणीत जाळं कसं विणन हे? हिले जागा पायजे. चारी बाजूनं धागा बांधता आला पायजे."

अंगणात जैनबबीची बाज पडली होती. किसनरावाकडून नवी विणून घ्यायची म्हणून तिचा सुंभ सोडून ठेवलेला, नुसती लाकडाची चौकट. नजीरनं ती घरात आणून खिडकीजवळ उभी बांधली आणि वरच्या दांड्यावर कोळीण सोडली. दुसऱ्या दिवशी उजाडताना जमिलानं डोळे उघडले, तर चौकटीत चाकासारखं जाळं ताणलेलं, मधोमध पांढरी नागमोडी शिवण, आणि त्यावर बाईसाहेब ऐटीत उलट्या लटकलेल्या! गुळाच्या खड्याभोवतीची माशी जमिलानं जाळ्यावर टाकली, तशी कोळीण झपकन धावली आणि तिला गुंडाळून मोकळी झाली. भागीरथाबाईनं टाळ्या वाजवल्या.

आणि मग जैनबबी परतली.

"माही बाज कुठी हाय?" दारातच तिचा पहिला सवाल. मग तिला खिडकी दिसली. "या अल्ला! जल्मभर झाडू घेऊन मी जाळे काढले, अन् तू पाळून राह्यली?"

जमिला सासूसमोर आजवर 'जी अम्मा' याच्यापुढे गेली नव्हती. आज मात्र ती बोलली, "अम्मा, फक्त सकाळपर्यंत राहू द्या. रोज पहाटे जुनं काढून नवं जाळं विणते. एकदा तिले विणताना पाहा. मंग तुमी म्हनान तसं."

जैनबबीनं झाडू भिंतीला टेकवला. हातापासून लांब मात्र नाही.

पहाटेची नमाज आटोपून ती खिडकीशी येऊन बसली. कोळीण मागच्या पायानं धागा ओढी, चिकटवी, पुढं सरके, पुन्हा ओढी. कुठं घाई नाही, कुठं चूक नाही. जैनबबीचा चहा निवून गेला.

"किसनराव बाज विणते तर त्याले दोन दिवस लागते," ती शेवटी म्हणाली, "अन् तरी झोळ पडते!"

त्या रात्री तिनं जमिनीवर चटई अंथरली. "मले खालीच बरी झोप येते," असं कोणी न विचारताच सांगून टाकलं. पुढं माश्या पकडायचं काम तिनं आपल्याकडंच घेतलं. एक दिवस जाळ्याच्या कडेला इवलासा तपकिरी कोळी येऊन बसला. "जावईबापू आले!" म्हणून ती एवढी हसली, की जमिलानं सासूचे मागचे दात पहिल्यांदा पाहिले.

जमिलाचं प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात जाळं रिकामं दिसलं. जमिला लंगडत लंगडत सगळं घर शोधू लागली. नजीर आढ्याला लटकला, भागीरथाबाई चुलीमागं वाकली. डोळ्यांत पाणी आणून जमिला खाली बसली, तेवढ्यात आतून जैनबबीचा दबका आवाज आला, "कोनी हलू नका."

खुंटीवरच्या तिच्या बुरख्यावर कोळीण बसली होती. आजवर जैनबबीनं माश्या टाकल्या त्या लांबूनच. आता तिनं हात पुढं केला. "या बीबी, या." कोळीण हळूच बोटांवर चढली. जैनबबीनं श्वास रोखला, मग तिचं फुगलेलं पोट निरखून पाहिलं. लेकीचं बाळंतपण नुकतंच उरकून आलेली बाई ती.

"नजीर, हिचे दिवस भरले. हिले माहेरी पोचव."

"ठीक हाय, मी नेऊन सोडतो."

"तू एकटा कायले? आमी बी येतो."

दुरुस्त झालेला एक ट्रक चालवून पाहायचाच होता. सासू-सून केबिनमध्ये चढल्या. कोळीण बोरीच्या फांदीवर, मलमलीखाली, जैनबबीच्या मांडीवर. जंगल लागल्यावर ओढ्याकाठी दोन झुडपांच्या मध्ये त्यांनी फांदी अडकवली. कोळीण थोडा वेळ थांबली, मग वर चढली आणि पानाआड गेली. जमिला तिकडं पाहत उभी राहिली. जैनबबीनं तिचा दंड धरला. "चाल. पाय दुखन तुहा."

परतीच्या वाटेवर नजीर गाडी चालवत होता आणि जैनबबी बोलत होती. आपण नवी नवरी असताना सासूच्या धाकानं कोंबडीची पिल्लं कणगीत कशी लपवली आणि ती चिवचिवली तेव्हा आपणच खोकायला कसं लागलो, ते सांगत होती. जमिला पोट धरून हसत होती.

"मंग काय झालं, अम्मा?"

"मंग काय! सासू म्हने, बहूले दमा हाय, हकिमाले बलवा!"